अंबुजाक्कांची शून्यं

परवा मद्रासच्या टी. नगरमधल्या एका हॉलमध्ये अंबुजाक्कांची शोकसभा झाली. आमच्या जुन्या कंपनीतल्या लोकांनी ठेवली होती. मी पुण्याहून मुद्दाम गेलो. समोर त्यांचा फोटो, फोटोला मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा, आणि माईकसमोर आमचे एके काळचे जनरल मॅनेजर दामले. केस पांढरे झालेत, आवाज तोच. ते इंग्रजीत म्हणाले, "अंबुजा मॅडम अत्यंत गोड स्वभावाच्या होत्या. मृदू, मितभाषी. आपलं मशीन पहिल्या दिवसापासून सुरळीत चाललं, त्यात त्यांच्यासारख्या पडद्यामागच्या माणसांचा मोठा वाटा आहे."

माझ्या शेजारी सेल्वराज बसला होता. आमच्या मशीनचा, म्हणजे कंपनीने बनवलेल्या कॉम्प्युटरचा, हार्डवेअर इंजिनियर. त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ रुतलं. मी बोलायला उठलो, तर सभा चालवणारे म्हणाले, वेळ झाली, आता दोन मिनिटं शांतता. दामल्यांना पंधरा मिनिटं मिळाली आणि मला शांतता. म्हणून हे लिहितो आहे.

अक्का गोड नव्हत्या. मृदू तर मुळीच नव्हत्या. आणि मितभाषी? त्यांचं बोलणं लिफ्ट नसलेल्या आमच्या इमारतीत तळमजल्यापर्यंत ऐकू यायचं. मशीन पहिल्या दिवसापासून सुरळीत चाललं, हे तर धडधडीत खोटं आहे. ते कुणामुळे सुरळीत चाललं नाही, हे दामल्यांइतकं कुणालाच ठाऊक नाही.

त्यांचं कागदावरचं नाव टी. एस. अंबुजाबाई. टी म्हणजे तंजावर, एस म्हणजे वडील सेतुमाधवराव. मुंबईच्या हेड ऑफिसला हे कधी समजलं नाही. तिथून त्यांना 'मिस्टर टी. एस. अंबुजा' म्हणून पत्रं येत, आणि अक्का ती न उघडता परत पाठवत. "मिस्टर अंबुजा हिंगे कोणी नाहीत," असं पोस्टमनला ठणकावून सांगत. हिंगे म्हणजे इथे, तिंगे म्हणजे तिथे. त्यांच्या तंजावरी मराठीत असे शब्द खच्चून भरलेले होते. सगळं म्हणजे 'अस्क', कशाला म्हणजे 'कायला', बरं म्हणजे 'सरि', आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर चढलेला. मी सोलापूरहून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासला आलो, तेव्हा नुंगंबाक्कमच्या त्या ऑफिसात मराठी ऐकून मला भरून आलं होतं. मी तसं बोलून दाखवल्यावर अक्का म्हणाल्या, "तुझी मराठी रेडिओ बोलल्यासारखी आहे. सरि. काम करायला लाग."

त्यांच्या मराठीवरून आठवलं. मराठी मंडळाच्या गणपतीला एकदा पुण्याहून एक विद्वान पाहुणे आले होते. अक्का आईला घेऊन आल्या होत्या. पाहुण्यांनी दोघींचं बोलणं ऐकलं आणि व्यासपीठावरून कौतुकाने म्हणाले, "तीनशे वर्षं परमुलखात राहून या भगिनींनी आपली मोडकी का होईना, मराठी जपली आहे." टाळ्या पडल्या. अक्का जागेवरून उठल्या. "मोडकी नव्हे," त्या म्हणाल्या. "आमची होती तशी आहे. तुम्ही तुमची बदललांत. बदला, माझं कायी नाही. पण आमची मोडकी कायला म्हणतां?" त्यांची आई पदर ओढत होती, "पोदुम गं, पोदुम, बस कर." अक्का बसल्या नाहीत. पाहुणे माफी मागेपर्यंत उभ्या राहिल्या. मग प्रसाद घेतला, आणि "केळं बरं आहे" एवढं म्हणून घरी गेल्या.

दिसायला त्या ठेंगण्या, काळ्यासावळ्या, जाड काड्यांचा चष्मा. कॉम्प्युटर रूममध्ये एसी इतका असायचा की दात वाजत, म्हणून बाहेर मे महिना भाजत असतानासुद्धा सुती साडीवर भावाचा जुना तपकिरी स्वेटर. वेस्ट मांबलमला आईबरोबर राहत. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची हिंमत कंपनीत फक्त एकाने केली होती. त्याला उत्तर मिळालं, "तुम्ही कायला केलांत?" 

कुठलंही काम झालं की सगळे म्हणत, झालं, चालतंय. अक्का 'चालतं' म्हणत नसत. म्हणत, "आज चाललं." त्या 'आज'वर जोर असायचा. नव्या मुलांना तो टोमणा वाटे. मला हळूहळू कळलं की तो टोमणा नव्हता, ती त्यांची नीतिमत्ता होती.

आता आमच्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. त्याशिवाय अक्कांचं काम कळणार नाही, आणि दामल्यांनी काय केलं तेही कळणार नाही.

कंपनी स्वतःचा कॉम्प्युटर बनवत होती. प्रोसेसर परदेशी, अगदी नवा. बाकी बोर्ड, मेमरी, पेटी सगळं सेल्वराज आणि त्याच्या माणसांनी इथे जुळवलेलं. प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचं ठरलं होतं. कंपायलर, म्हणजे सीचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, बाहेरून आला, त्याच्याबरोबर सीची लायब्ररीही आली, म्हणजे छापणं, वाचणं, आकडेमोड अशी सगळ्यांना लागणारी तयार कामं. पण त्या लायब्ररीतला एक छोटा तुकडा असा असतो जो आयता येत नाही. प्रत्येक नव्या मशीनसाठी तो तिथल्या तिथे, त्या मशीनच्या स्वतःच्या भाषेत, हाताने लिहावा लागतो. त्याला स्टार्टअप कोड म्हणतात. दोन-तीन पानांचं काम. बाहेरच्याला दिसत नाही. आणि तो चुकला तर त्यावर उभं असलेलं काहीही बरोबर असू शकत नाही.

मी रुजू झालो त्या आठवड्यात अक्कांनी मला विचारलं, "सीचा प्रोग्रॅम कुठे सुरू होतो?"

मी कॉलेजात शिकलेलं, प्रोग्रॅमच्या मुख्य भागाचं नाव सांगितलं, "मेनमध्ये."

"मेनला कोण हाक मारतं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. तो आपोआप..."

"आपोआप!" अक्का इतक्या जोरात म्हणाल्या की पलीकडच्या टेबलावरचा टायपिस्ट थांबला. "आपोआप कायी होत नाही या जगात. घरांत तू सकाळी उठतोस तेव्हा पाणी भरलेलं असतं, चूल पेटलेली असते. आपोआप? तुझी आई उठते म्हणून. ते विसरूं नको."

मग त्यांनी मला समजावलं. मेन सुरू व्हायच्या आधी कुणीतरी स्टॅक मांडतं, म्हणजे प्रोग्रॅमला कामासाठी लागणारी जागा. मेमरीतल्या ज्या रकान्यांना काही किंमत दिलेली नाही, ते सगळे शून्य करतं, कारण सी भाषेचं तसं वचन आहे. माणसाने प्रोग्रॅमच्या नावापुढे जे शब्द टाइप केले, ते मोजून नीट रांगेत मेनच्या हातात देतं. मग मेनला हाक मारतं. मेन संपला की उरलंसुरलं छापून, फायली बंद करून, मशीन होतं तसं परत देतं. हे सगळं करणारा तो तुकडा.

तो तुकडा अक्कांनी लिहिला. प्रोसेसरची माहिती म्हणून आमच्याकडे एका जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स होती, तीही काही पानं तिरकी आलेली. अक्का ओळीखाली पट्टी ठेवून वाचायच्या आणि पुस्तकाशी भांडायच्या. "हा मनुष्य हिंगे एक सांगतो, तिंगे दुसरंच सांगतो. दोहोंतलं खरं कुठलं?" मग सेल्वराजला बोलावून दोघं बोर्डावर प्रत्यक्ष करून बघत. पुस्तक चुकलेलं निघालं की अक्कांचा चेहरा खुलत असे.

पहिल्यांदा एक छोटा प्रोग्रॅम चालवला, नुसतं 'वणक्कम', म्हणजे नमस्कार, छापायचा. पडद्यावर काहीच आलं नाही. सेल्वराजने टर्मिनल बदलला, केबल बदलली. दामले मुंबईहून त्याच सुमाराला बदलून आले होते. ते म्हणाले, "टर्मिनलच्या पुरवठादाराला नोटीस द्या." अक्का खुर्चीत मागे रेलून बसल्या होत्या. म्हणाल्या, "टर्मिनलचा कायी दोष नाही. शब्द पोटांत राहिले आहेत." आणि खरंच तसंच होतं. लायब्ररी शब्द साठवून ठेवते आणि प्रोग्रॅम संपताना एकदम बाहेर सोडते. संपतानाचं ते काम त्या तुकड्यात अजून जोडलं गेलं नव्हतं. अक्कांनी दोन ओळी घातल्या. 'वणक्कम' आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दामल्यांनी पेढे मागवले. अक्का पेढा हातात धरून म्हणाल्या, "आज चाललं," आणि लगेच दुसरा प्रश्न काढला. "नावापुढे माणसाने कायीच टाइप केलं नाही तर? एकच शब्द, पण हातभर लांब टाइप केला तर?" पुढचे कित्येक दिवस त्या असलेच वाकडे प्रश्न विचारत बसल्या, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत त्यांनी तो तुकडा कुणाला दिला नाही.

मशीन बाजारात न्यायची वेळ आली. दुसऱ्या एका कंपनीचंही तसंच मशीन येत होतं. दोन्ही मशीनं मोठ्या अधिकाऱ्यांसमोर शेजारी शेजारी चालवून दाखवायची होती. आमचं मशीन प्रत्येक प्रोग्रॅम सुरू करताना क्षणभर अडखळल्यासारखं व्हायचं. आमची मेमरी हळू होती, आणि ते सगळे रकाने शून्य करण्यात तो क्षण जायचा. दामल्यांनी मीटिंग बोलावली. मी होतो, सेल्वराज होता, अक्का होत्या, आणि मुंबईहून आणलेला व्होरा नावाचा सल्लागार होता. व्होराने शोध लावला होता की ते शून्य करणं काढून टाकलं तर अडखळणं जातं.

"मेमरी तर शून्यच असते, मॅडम," दामले म्हणाले. "मशीन चालू करताना आपण सगळी पुसतोच."

"सकाळी असते," अक्का म्हणाल्या. "दुपारी नसते."

"म्हणजे?"

"आधीचा प्रोग्रॅम येऊन गेला की त्याचा कचरा तिंगेच पडलेला असतो. पुढच्याला ती जागा देतां, तेव्हा पुसून द्यायला पायजे."

व्होरा हसून म्हणाला, "चांगला प्रोग्रॅमर स्वतःच शून्य घालतो."

"सी भाषा सांगते, घालायला नको, आम्ही घालूं. ते वचन आहे. तुम्ही लॉजवर उतरतां, तिंगे पलंगावर मागच्या माणसाची चादर असेल तर? 'चांगला गिऱ्हाईक स्वतःची चादर आणतो', असं मॅनेजरने सांगितलं तर चालेल तुम्हांला?"

सेल्वराज म्हणाला, मला वेळ द्या, मेमरीचा वेग वाढवता येईल. मी म्हणालो, प्रात्यक्षिकापुरतं ते एक मशीन वेगळं ठेवू, गिऱ्हाईकाला बरोबर तुकडा देऊ. दामल्यांना दोन्ही नको होतं. "दाखवलं एक आणि दिलं दुसरं, असं व्हायला नको," ते म्हणाले. काय तो प्रामाणिकपणा! अक्का उभ्या राहिल्या. "मी काढणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. व्होराने काढलं. शून्य करणाऱ्या दोन ओळींपुढे खुणा टाकल्या की त्या बंद पडतात. वरती लेखक म्हणून नाव मात्र टी. एस. अंबुजाबाई असंच राहिलं.

प्रात्यक्षिक झकास झालं. मशीनं विकली गेली. त्यातलं एक गेलं शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या तपासणी विभागात, रक्त-लघवीचे रिपोर्ट छापायला.

काही महिने सगळं ठीक होतं. मग एके दुपारी इस्पितळातून फोन आला, रिपोर्ट चुकतायत, ताबडतोब या. दामल्यांनी अक्कांना आणि मला पाठवलं. निघताना मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, "हे बघा, व्होल्टेज कमी-जास्त झालं असं सांगायचं. बाकी काही बोलायचं नाही. मॅडमनाही समजवा. तुमचं ऐकतात त्या." अक्का कुणाचं ऐकतात, ही माहिती मला नवीन होती. मी रिक्षात त्यांना निरोप शब्दशः सांगितला.  

तपासणी विभागाचे प्रमुख डॉ. थॉमस नावाचे वयस्क गृहस्थ होते. त्यांनी समोर एक रिपोर्ट ठेवला. कण्णम्मा नावाची बाई, पोटात दुखतं म्हणून दाखल झालेली. तिची साखर तपासायला कुणी सांगितलंच नव्हतं. तरी रिपोर्टात साखरेच्या रकान्यात भलामोठा आकडा छापून आला होता. आदल्या दिवशी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने तो बघून इन्सुलिन दिलं. संध्याकाळी ती बेशुद्ध पडली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आरडाओरडा केला म्हणून लोक धावले, शिरेतून ग्लुकोज दिलं आणि ती वाचली. वाचली, एवढंच.

"हा आकडा आला कुठून?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्कांनी तिच्या आधी छापलेला रिपोर्ट मागवला. एका मधुमेही म्हाताऱ्याचा होता. साखरेचा आकडा तोच. प्रत्येक रोग्यासाठी प्रोग्रॅम नव्याने सुरू होत होता, मेमरीत त्याच जागी येऊन बसत होता, आणि जो रकाना कुणी भरला नाही त्यात मागच्या माणसाचा आकडा तसाच पडलेला होता. चादर बदलली नव्हती.

मी डॉक्टरांकडे बघू शकलो नाही. दामल्यांचा निरोप मी उच्चारणार नव्हतोच.  अक्का उभ्या राहिल्या. स्वेटर काढून हातावर घेतला होता, कपाळावर घाम होता. इंग्रजीत, अगदी सावकाश म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या माणसांची चूक नाही. विजेचा दोष नाही. चूक आमची आहे. एक काम आमच्या कोडने करायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही. मी दुरुस्त करीपर्यंत या मशीनवर एकही रिपोर्ट छापूं नका. आणि आतापर्यंत छापलेले, अस्के, परत तपासायला पाहिजेत." रागाच्या भरात इंग्रजीत मधेच ते 'अस्के' आलं, ते डॉक्टरांना कळलं नसेल. बाकी सगळं कळलं.

नंतर त्यांनी विचारलं, "ती बाई कुठे आहे?"

आम्ही वॉर्डात गेलो. कण्णम्मा भिंतीकडे तोंड करून पडली होती, हाताला सुई लावलेली. अक्का खाटेच्या कडेवर बसल्या आणि तमिळमध्ये तिला सगळं सांगितलं. तुला नसलेला आजार कागदावर आला, तो दुसऱ्याचा होता, ही आमची चूक. कण्णम्माने तोंड इकडे वळवलं. मग तिने विचारलं, "मेशिन पोय सोल्लुमा?" मशीन खोटं बोलतं?

"मेशिन इल्लम्मा," अक्का म्हणाल्या. "मनुषन." मशीन नाही गं. माणूस.

त्या तुकड्यातल्या खुणा काढून त्यांनी ओळी पुन्हा चालू केल्या. पण तेवढ्याने भागत नव्हतं. तो तुकडा प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात घातलेला असतो. म्हणून इस्पितळातला प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा जोडावा लागला. अक्का रोज सकाळी डबा घेऊन तिथे जात आणि तंत्रज्ञांच्या शेजारी बसून जुने रिपोर्ट पडताळत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता चीड येण्यासारखा खरा भाग.

इस्पितळाने कंपनीला कडक पत्र लिहिलं. हेड ऑफिसने चौकशी नेमली. चौकशीत दामल्यांनी सांगितलं की स्टार्टअप कोड टी. एस. अंबुजाबाईंनी लिहिला, वरती त्यांचंच नाव आहे, आणि "मॅडमनी स्वतः ग्राहकासमोर चूक कबूल केली आहे." 'आमची चूक' हे त्यांचे शब्द दामल्यांनी 'माझी चूक' करून वापरले. शून्य करणं काढायच्या त्या मीटिंगमध्ये काय झालं होतं ते सेल्वराजने सांगितलं, मी सांगितलं. चौकशी करणाऱ्या गृहस्थांनी चहा ढवळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण तांत्रिक तपशिलात शिरायला नको." जणू काही एक बाई तांत्रिक तपशिलाबाहेरच्या कशाने मरायला टेकली होती! व्होरा तोपर्यंत दुसऱ्या कंपनीला सल्ला द्यायला गेला होता. दामल्यांनी मला केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "मराठी माणूस म्हणून सांगतो, यात पडू नका." मी म्हटलं, त्याही मराठीच आहेत. ते गालात हसले. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून तितकाच संताप होतो.

मी अक्कांना विचारलं, "तुम्ही 'आमची' का म्हणालात? दामल्यांची, व्होराची, असं स्पष्ट का नाही सांगितलं?"

त्या माझ्यावरच उखडल्या. "तिंगे एक बाई मरतां मरतां वाचली होती, आणि तिच्या डॉक्टरासमोर मी 'हा नव्हे, तो' करत बसूं? त्यांना कोण दामले, कोण व्होरा! मशीनवर नाव कुणाचं आहे? कंपनीचं. मी कुठे काम करतें? मग आमचीच." जरा थांबून म्हणाल्या, "हिंगे, कंपनीत, त्यांनी खरं सांगायचं होतं. ते त्यांचं काम. माझं मी केलं."

अक्कांची बदली ट्रेनिंगला झाली. म्हणजे ऑपरेटर मुलामुलींना मशीन चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, ते शिकवायचं. सिस्टिम सॉफ्टवेअरच्या खोलीची किल्ली काढून घेतली. आम्हाला वाटलं, त्या राजीनामा देतील. सेल्वराजने तर त्यांच्यासाठी दुसरीकडे शब्दही टाकून ठेवला होता. "मी कायला जाऊं?" अक्का म्हणाल्या. "चुकला तो जाईल." चुकला तो गेला नाही. त्याला बढती मिळाली, आणि दिल्लीत देशी तंत्रज्ञानासाठी म्हणून एक ढालही मिळाली. ढाल घेतानाचा फोटो रिसेप्शनमध्ये लावला होता. अक्का रोज त्याच्यासमोरून जात आणि रोज त्याच्याकडे पाठ करून पायरी चढत.

बाकीची मशीनं देशभर पसरली होती, आणि त्यांतही तोच बिघडलेला तुकडा होता. ती दुरुस्त करायला माणसं पाठवायची तर चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणून कंपनी पाठवत नव्हती. पण देखभालीसाठी इंजिनियर तर जायचेच. जाण्याआधी त्यांना ट्रेनिंग विभागातून प्रोग्रॅमच्या नेहमीच्या टेप घ्याव्या लागत. अक्का प्रत्येकाला बरोबर तुकड्याची एक जास्तीची टेप देत आणि समोर बसवून घोकवून घेत. "हे घाल. मग अस्के प्रोग्रॅम परत जोड. जोडलेस का नाही, मला येऊन सांग." आणि ते येऊन सांगत. न सांगता कोण सुटणार होतं? दोनेक वर्षांत आमची सगळी मशीनं बरोबर झाली. दामले ज्याला 'सुरळीत' म्हणतात, ते हे.

पुढे बाहेरची स्वस्त मशीनं आली आणि आमचं मशीन बंदच पडलं. मी पुण्याला नोकरी धरली. अक्का निवृत्तीपर्यंत तिथेच होत्या, आणि मग आईला घेऊन तंजावरला भावाकडे गेल्या. दिवाळीला त्यांचं पत्र यायचं. त्यात तब्येतीबद्दल एक ओळ आणि सरकार, दूधवाला, मंदिराचे विश्वस्त यांच्याबद्दल तीन पानं. यंदा आलं नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी योगायोगाने मद्रासला होतो. ऑफिसने हार घातला, चांदीची समई दिली आणि घरी सोडायला गाडी काढली. अक्का म्हणाल्या, "इतकी वर्षं बसने आलें. आज कायला गाडी?" समई पिशवीत टाकून त्या स्टॉपवर निघाल्या. मी आणि सेल्वराज फाटकापर्यंत गेलो.

बस आली, खचाखच भरलेली. अक्का पायरीवर चढल्या. तेवढ्यात मागून कडेवर मूल घेतलेली एक बाई धावत येताना दिसली. कंडक्टरने शिट्टी मारली, बस हलली. अक्का खाली उतरल्या. उतरल्या त्या फुटपाथवर नाही. रस्त्यावर उतरून बसच्या पुढे गेल्या आणि हात वर करून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. कंडक्टर दारातून ओरडत होता, "वयसान कालत्तिल एन्नम्मा इदु?" म्हातारपणी हे काय, बाई! अक्का जागच्या हलल्या नाहीत. ती बाई धापा टाकत आली, मुलासकट चढली, कुणीतरी तिला जागा दिली, तेव्हा अक्का वळसा घालून आल्या आणि चढल्या.

बस निघाली. आम्हाला हात करायला त्यांना सवड नव्हती. कोपऱ्यावर वळेपर्यंत दारातल्या गर्दीत त्यांचा पांढरा अंबाडा दिसत होता, आणि त्याच्याही वर एक बोट, कंडक्टरच्या नाकासमोर हलणारं. शब्द ऐकू येत नव्हते. कंडक्टरने शिट्टी तोंडातून काढून हातात घेतली होती आणि तो ऐकत होता.